थांबायला माणसं लागतात

५ जानेवारी, रविवार

गेले एकदाची. परतही आले. मांड्या अजून थरथरताहेत, पेन नीट धरवत नाही — तरी आज लिहिणारच!

पोस्टातल्या बाईंनी किती दिवस पिच्छा पुरवला होता. खिडकीपलीकडून शिक्के मारता मारता दर वेळी तेच. रविवारी सकाळी या, आमचा सायकल क्लब आहे, बायका आहेत, म्हातारे आहेत, कोणी कोणाला हसत नाही. काचेवर पत्रकही चिकटवलंय — सायकल चालवण्याचे फायदे. हृदय मजबूत, वजन आटोक्यात, गाढ झोप, नव्या ओळखी. मी म्हटलं, मला नुसती झोप द्या, बाकीचं तुम्ही वाटून घ्या. त्या हसल्या नाहीत. शिक्का तसाच हातात धरून म्हणाल्या, "घरात कोण आजारी आहे?"

कसं ओळखलं, देव जाणे. मी दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत बसून कवळ्या बनवते. साचा हातात आला की त्या तोंडात कुठे काय दुखत असणार ते मला कळतं. तसंच काहीतरी बाईंचं असावं. सांगून टाकलं मग, मागे रांग उभी असताना. नवऱ्याला कंपवात आहे. हात थरथरतात त्याचं एवढं नाही, पण पाय गोठतात. चालता चालता मध्येच थांबतात ते थांबतात. दारात तर हमखास. न्हाणीघराच्या चौकटीत हे उभे, मागून कमरेला धरून मी उभी, आणि पाऊल काही उचलत नाही. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. कधी पाच मिनिटं, कधी तोंडाला फेस येईपर्यंत.

बाईंनी स्वतःच्या बहिणीची सायकल दिली. बायकांची, मधला दांडा नसलेली. सकाळी ह्यांच्याजवळ मावशी थांबल्या — मी कामावर असताना ह्यांना सांभाळतात त्याच — आणि मी निघाले. पहिल्या उतारावर दोन्ही ब्रेक आवळून धरले होते. मागून बेकरीवाले म्हणाले, "सोडा थोडे." सोडले. आई गं! तोंडातून जो काय आवाज निघाला तो परकरातल्या पोरीचा. छप्पन्न वर्षांची बाई मी! कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगळ्यांचा कधी ना कधी निघाला असणार.

त्यांची एक पद्धत फार आवडली. सगळ्यात पुढे पोस्टातल्या बाई. खड्डा दिसला की त्या म्हणतात 'खड्डा', वळायचं असलं की 'डावीकडे', थांबायचं असलं की 'थांबा'. ज्याने ऐकलं त्याने मागच्याला सांगायचं, त्याने त्याच्या मागच्याला. सगळ्यात शेवटी बेकरीवाले. त्यांना सगळे शेपूट म्हणतात, तेही स्वतःला शेपूटच म्हणवतात. शेपटाच्या मागे कोणाला राहू द्यायचं नाही, हा एकच नियम. कितीही रेंगाळा, मागे एक माणूस असतोच. मला आज सारखं तेच जाणवत होतं. माझ्या मागे कोणीतरी आहे!

८ जानेवारी

लेकीचा फोन. केंद्राचं काय झालं?

काय व्हायचंय. यादीत नाव आहे. गावाबाहेरचं ते शुश्रूषा केंद्र — रुंद दारं, भिंतीला धरायला कठडे, रात्रंदिवस नर्स. खोली रिकामी झाली की कळवतो म्हणालेत. रिकामी कशी होते ते मला ठाऊक आहे. म्हणजे मी कशाची वाट बघतेय ते लिहायलाही नको.

लेक म्हणते, आई, तुझी पाठ गेली तर दोघांना कोण बघणार? खोटं नाही. पाठीच्या डॉक्टरांनी साफ बजावलंय — उचलायचं नाही. न उचलून कसं चालेल ते सांगितलेलं नाही.

आणि हे? हे ऐकतच नाहीत. मागे विषय काढला तर म्हणाले, "तिथे गेलेला माणूस परत येत नाही. मला ठेवून आलीस की कपाट रिकामं करून टाक." दोन दिवस अबोला. खरं सांगायचं तर काही सकाळी मला वाटतं, वाजू दे तो फोन. आणि वाजला नाही की जीव भांड्यात पडतो. दोन्ही खरंच.

१२ जानेवारी, रविवार

तळ्यापर्यंत गेलो! तळ्याभोवती गोल रस्ता आहे, मोटारींना बंदी. सकाळचं धुकं पाण्यावर, आणि आमची रांग कडेकडेने. कोणी बोलत नव्हतं. चाकांचा तेवढा आवाज.

सायकलवर पाठ दुखत नाही. अजिबात! घरी येऊन ह्यांना पलंगावरून उठवलं, झालं, कळ आली.

१७ जानेवारी

न्हाणीघराच्या दारात पडले. माझ्या अंगावरच. लागलं नाही फार. दोघं फरशीवर बसून होतो शेजारची माणसं येईपर्यंत. हे म्हणाले, आयुष्यभर अडकलेल्या लिफ्टा सोडवल्या, आता स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये. लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं ह्यांनी सगळा जन्म. मी हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक. पण कंबर धरली होती.

२६ जानेवारी, रविवार

नाही गेले. पाठ.

बाई दुपारी स्वतः येऊन सायकल घरीच ठेवून गेल्या. बहीण काही वापरत नाही म्हणाल्या. आता ती दिवाणखान्यात उभी आहे, खुर्चीच्या समोर. हे तिच्याकडे बघत बसतात. साखळीला तेल नाही म्हणाले. मी म्हटलं, घालते. कोणतं तेल, किती थेंब, फडकं कोणतं — सगळं सांगितलं. एवढं बोलणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे पाहिलं ते कसं लिहू!

क्लबहून परत आले. मावशींनी ह्यांना खाली अंगणात आणून बसवलं होतं, उन्हात. लिफ्टमधून बाहेर काढायलाच अर्धा तास गेला म्हणाल्या. मी सायकल भिंतीला लावत होते, तर हे म्हणाले, "इकडे आण."

आणली. म्हणाले, "धर." मला वाटलं चाकात काही दिसलं असेल. मी हँडल धरलं. तर हे मावशींच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले आणि एक पाय पलीकडे टाकला! मी म्हटलं, अहो, काय चाललंय? म्हणाले, "सोड."

मी का सोडलं? मला खरंच माहीत नाही. डोकं ठिकाणावर असतं तर सोडलं नसतं. ह्यांच्या आवाजात जुनं काहीतरी होतं, कामावर असताना पोरांना सांगायचे तसं. सोडलं. आणि हे गेले.

गेले! न डगमगता. पाठ सरळ, कोपर सैल, पाय एका लयीत — खाली, वर, खाली, वर. अंगणाच्या टोकाला वळले, अगदी सफाईने, आणि परत माझ्याकडे आले. हात थरथरत नव्हता. ह्या आजाराने चेहऱ्यावर चढवलेला तो दगडी मुखवटा, तोही नव्हता. ज्या माणसाला सकाळी खोलीचं दार ओलांडता येत नाही तो माझ्यासमोरून सायकलवर जातोय! मावशी नुसत्या हात जोडून उभ्या. अंगावर काटा आला होता, तो अजून गेलेला नाही.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला लक्षात आलं — हे थांबणार कसे?

ह्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं असणार. जाताना म्हणाले, "पाय टेकवता येणार नाही मला." अगदी शांतपणे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मग काय, पळापळ! मी एका बाजूने, मावशी दुसऱ्या बाजूने, आणि फाटकावरचा वॉचमन मध्ये, गाय अडवावी तसे हात पसरून. पुढच्या फेरीला हँडल धरलं, मावशींनी मागून बैठक धरली, वॉचमनने ह्यांनाच मिठी मारली. पाय जमिनीला लागले मात्र, गोठले. तिथून खुर्ची चार पावलांवर. ती चार पावलं जाता जाईना.

मी बघत राहिले. तोच माणूस, तेच पाय!

३ फेब्रुवारी

स्वप्न नव्हतं. आज परत केलं.

७ फेब्रुवारी

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर आधी त्यांनी माझ्याकडेच काळजीने पाहिलं. मी पण इरेला पेटले होते. सायकल रिक्षात घालून नेली होती! दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत ह्यांना चढवलं. डॉक्टरीणबाई खिडकीत आल्या, मग खाली आल्या, मग त्यांच्या हाताखालच्या दोघीही आल्या.

हे वाचलं होतं, म्हणाल्या, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहतेय. काही जणांच्या बाबतीत असं होतं. चालणं अडतं आणि सायकल अडत नाही. पॅडल पायाला ताल देतं म्हणून असेल, किंवा आणखी काही. नक्की का ते अजून कोणाला सांगता येत नाही. एवढी शिकलेली बाई, आणि स्वतः होऊन म्हणाली, माहीत नाही. मला त्या एकदम आवडल्या.

मग नेहमीच्या कडक आवाजात — हेल्मेट. रहदारी नाही. चढवायला माणूस, उतरवायला दोन. एकट्याने कधीही, कधीही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्लबने घेतलं ह्यांना! मला वाटलं होतं कां-कूं करतील. पोस्टातल्या बाईंनी सगळ्यांना गोळा करून एवढंच विचारलं, की माणूस थांबवायचा कसा. तासभर सराव चालला, बेकरीच्या मागच्या गल्लीत. शेवटी ठरलं ते असं — 'थांबा' झालं की पुढचे दोघं उतरून रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहणार. हे मध्ये येणार. एकाने हँडल, एकाने बैठक. त्या वेळी म्हणायचं 'धरा'. हे बरोब्बर शेपटाच्या पुढे चालवणार, मी ह्यांच्या पुढे. म्हणजे धरणाऱ्या दोघांत एक मी, कायमची.

सायकलही नवी आली. नवी म्हणजे बेकरीवाल्यांच्या माडीवर पडलेली, मधला दांडा नसलेलीच, बैठक खाली घेऊन. हे बेकरीवाल्यांना म्हणाले, लिफ्टलासुद्धा आम्ही थांबायला शिकवायचो, चालायला ती आपणहून शिकते. सगळे हसले. हे विनोद करताहेत लोकांत! गेली दोन वर्षं लोक आले की हे आतल्या खोलीत.

तळ्यापर्यंत नाही नेलं, अर्ध्यातूनच परत. मी सारखी मागे वळून बघत होते. बाई ओरडल्या, पुढे बघा, पडाल.

२ मार्च, रविवार

तळं! पूर्ण!

नोंदवून ठेवते — घरी परत आल्यावर न्हाणीघराचं दार एका झटक्यात पार केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सायकलनंतर थोडा वेळ चालणंही सुधारेल कदाचित. थोडा वेळच. दुपारी पुन्हा आपलं तेच. आणि रात्री उठवताना माझी पाठ जी धरली ती धरली. सायकलने आजार गेलेला नाही. हे मी स्वतःला रोज सांगते. लेकीला फोनवर सांगताना मात्र विसरते, आणि मग ती यादीचं विचारते.

९ मार्च, रविवार

आज काही विशेष नाही. सगळे घामाघूम, पेट्रोल पंपावर चहा, बाईंच्या खिडकीवरच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी. ह्यांनी दोन बिस्किटं खाल्ली, स्वतःच्या हाताने. विशेष नाही असं लिहिता आलं, हेच विशेष.

१६ मार्च, रविवार

ह्यांना हरवलं. मी. माझ्यामुळे.

सावकाश लिहिते, नाहीतर गोंधळ होईल. नेहमीसारखेच निघालो. पंपाच्या अलीकडे बेकरीवाल्यांची सायकल पंक्चर झाली. शेपूट थांबलं. ह्यांना थांबता येत नाही, म्हणून ते ह्यांना म्हणाले, तुम्ही पुढे चला, पुढे धरायला आहेत. बरोबरच होतं ते. धरायला आम्ही होतो. मी होते.

पंपाशी 'थांबा' झालं. मी उतरले. आणि पोस्टातल्या बाई एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होत्या, कोणी तरी पार्सलमध्ये जिवंत कोंबडा पाठवायला आला होता त्याची. त्याने कोंबड्याच्या पायालाच पत्ता बांधला होता म्हणे. बाईंनी त्या कोंबड्याची मान करून दाखवली आणि मी जी हसत सुटले! पोट धरून, भिंतीला टेकून, रस्त्याकडे पाठ करून. दुसरा धरणारा हवा भरायला गेलेला. त्याला वाटलं मी आहे. मला वाटलं मागे शेपूट आहे, हे शेपटाबरोबर असतील. नाही, तेही खोटं. मला काहीच वाटलं नाही. मी विसरले होते. ह्यांना, घराला, सगळ्याला. पाच-दहा मिनिटं मला नवराच नव्हता.

मग बेकरीवाले आले. एकटे. म्हणाले, "ते पुढे आले ना? केव्हाच पाठवलं मी."

पुढे दोन रस्ते — एक हमरस्ता, एक तळ्याचा. हमरस्त्यावर ट्रक. बाईंनी तिथल्या तिथे माणसं वाटली, चौघं हमरस्त्याला, आम्ही दोघी तळ्याला. मी कशी चालवली सायकल ते मला आठवत नाही. प्रत्येक चरात ह्यांचं पिवळं हेल्मेट दिसायचं. जवळ गेलं की गवत.

तळ्याच्या काठाशी एक माणूस गळ टाकून बसला होता. त्याला विचारलं. म्हणाला, "ते पिवळ्या टोपीवाले? ते मघापासून फेऱ्याच मारताहेत. मी विचारलं, थांबवू का? तर म्हणाले, नको, बायको येतेय."

आणि तेवढ्यात दिसले. तळ्याच्या पार पलीकडे, पाण्याच्या कडेने सरकणारा एक पिवळा ठिपका. एका लयीत. घाई नाही, घाबरणं नाही. थांबता येत नव्हतं म्हणून माणसाने गाव सोडून अशी जागा शोधली होती जिथे थांबायची गरजच नाही! चौक नाही, मोटार नाही, रस्ता संपत नाही. मी मनात काय काय बोलले होते ह्यांना, स्वतःला, देवाला. सगळं विसरले. नुसती बघत राहिले. बाईही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या कोंबड्याला शिव्या देत होत्या.

जवळ आले तेव्हा मी धरायला पुढे झाले. हे म्हणाले, "धरू नकोस. ये."

मी सायकलवर बसले आणि ह्यांच्या शेजारी गेले. शेजारी! घरात मी नेहमी मागे असते, कमरेला धरून. नाहीतर पुढे, दोन्ही हात ओढत, उलटं चालत. शेजारी शेजारी आम्ही शेवटचे कधी गेलो होतो? आठवलंच नाही. एक फेरी पूर्ण मारली. मी रडत होते, हे समोर बघत होते. मधेच म्हणाले, पाण्यावर बदकं आलीत बघ. मी बघितलं. होती.

मग सगळे जमले, दोघांनी धरलं, पाय टेकले आणि गोठले. काठावरच्या बाकापर्यंत न्यायला चौघं लागले. त्या माणसाने गळ बाजूला ठेवून हात दिला. म्हणाला, "अहो, हे तर आत्ता उडत होते." मी म्हटलं, हो.

१९ मार्च

लेकीला कोणीतरी सांगितलंच. भरपूर ऐकून घेतलं. तिचंही बरोबर आहे. जीव टांगणीला लागतो तिचा तिकडे. म्हणाली, पुरे झाला खेळ. बाबांना काही झालं असतं तर?

मी ह्यांना म्हटलं, मी इथून पुढे हसणार नाही रस्त्यात. हे माझ्याकडे पाहत राहिले. तो मुखवटा परत आला होता, त्यातून काही कळत नाही.

२३ मार्च, रविवार

गेलो. मी दोन्ही डोळे ह्यांच्यावर ठेवून. कोणाशी बोलले नाही. बाईंनी गोष्ट सुरू केली तर मी बाजूला झाले. चुकलं नाही काही. मजाही आली नाही.

पाठ कालपासून उभी राहू देत नाही. कवळीला मेण लावताना हात थरथरला. माझा!

२८ मार्च, शुक्रवार

वाजला.

केंद्रातून होता. एक खोली रिकामी झालीय, पूर्वेकडची, तळमजल्यावर. सोमवारी दुपारपर्यंत सांगा, नाहीतर पुढच्या नावाला देऊ. तिथली बाई गोड बोलत होती. मी धन्यवाद म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि मला नको झालंय. तळ्याकाठी ज्याला पाहिलं त्याला मी खोलीत नेऊन ठेवू? परत न येण्यासाठी? माझ्याने नाही होणार. पाठ मोडायची तर मोडू दे.

२९ मार्च

ह्यांना सांगितलं. लपवणं बरं नाही म्हणून. वर लगेच म्हटलं, काळजी करू नका, मी त्यांना 'नको' म्हणून कळवणार आहे. हे म्हणाले, सोमवारी बोलू.

लेकीलाही कळवलं. रडली. म्हणाली, आई, तू बाबांना वाचवशील आणि तुला कोण? मी फोन ठेवला.

३० मार्च, रविवार

तळं. चार फेऱ्या. हे आज फार बोलले नाहीत. मला म्हणाले, तू पुढे चालव, शेपूट आहे माझ्या मागे. मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, "चालव गं. मला बघायचंय."

चालवली. मागे वळून पाहिलं नाही. उतार आला तेव्हा ब्रेक सोडले.

३१ मार्च, सोमवार

केंद्राचा नंबर फिरवला आणि हे खुर्चीतून म्हणाले, "हो सांग."

मी फोन खाली ठेवला. म्हणाले, त्या दिवशी पंपाशी तू दिसली होतीस. हाक मारता आली असती. तू हसत होतीस. म्हणून पुढे गेलो.

मी ह्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.

"आता मला तिथून येता येतं," म्हणाले. "रविवारी सगळे घ्यायला या."

मी हो सांगितलं.